लाइमनंतरचे दीर्घ दुखणे आणि मास्ट पेशींचे झटके : एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मेधाताई (नाव बदलले आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत) मूळच्या सांगलीच्या. वय त्रेचाळीस, संगणक क्षेत्रात नोकरी, आणि पती व दोन मुलांसह अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या पश्चिम भागात वास्तव्य. घरामागे झाडीला लागून छोटी बाग, तिच्यात मेथी-कोथिंबिरीचे वाफे, आणि तिन्हीसांजेला त्या झाडीतून कुंपणापर्यंत येणारी हरणे, असे त्या भागातल्या बहुतेक घरांचे चित्र असते. याच पट्ट्यात काळ्या पायांची गोचीड आढळते. उंदरांसारख्या लहान प्राण्यांकडून ती लाइम या आजाराचे जंतू उचलते आणि चावताना माणसाच्या शरीरात सोडते. सांगलीकडे गोचीड म्हटली की गुराढोरांच्या अंगावरची टपोरी गोचीड डोळ्यांपुढे येते. लाइम देणारी अर्धवट वाढलेली गोचीड मात्र खसखशीच्या दाण्याएवढी असते. ती चावल्याचे रुग्णाला अनेकदा कळतही नाही, त्यामुळे मेधाताईंनाही गोचीड चावल्याचे आठवत नव्हते, यात नवल नाही.

कनेक्टिकट राज्यातील लाइम गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास लहान मुलांमध्ये सांधे सुजण्याचे प्रमाण अनपेक्षितपणे वाढलेले दिसले आणि त्या शोधातून हा आजार पुढे आला. त्याचा मळसूत्री जंतू विली बर्गडॉर्फर यांनी शोधला. ते संशोधन १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर लाइमचे निदान करून उपचार होतात, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा अंदाज आहे. बहुतेक रुग्ण तोंडाने घ्यायच्या दोन-तीन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी बरे होतात. काहींचा थकवा, सांधेदुखी आणि विचारांतील मंदपणा मात्र उपचारांनंतर सहा महिने उलटले तरी टिकून राहतो. मेधाताई या दुसऱ्या गटातल्या होत्या, आणि त्यांच्या बाबतीत मधेच आणखी एक आजार येऊन मिसळला.

जूनमध्ये त्यांच्या गुडघ्याच्या मागे एक चट्टा उठला होता. तो हळूहळू तळहाताएवढा झाला, पण खाजत नव्हता, दुखतही नव्हता. जवळच्या दवाखान्यात त्याला गजकर्ण समजून मलम देण्यात आले. लाइमच्या चट्ट्याची पुस्तकांतली छायाचित्रे बहुतांशी गोऱ्या त्वचेची असतात आणि त्यांत लालभडक कडे उठून दिसते. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर तोच चट्टा जांभळट, तपकिरी, मुका मार लागल्यासारखा दिसतो आणि मधला भाग फिका पडेलच असे नसते. आपल्या लोकांच्या बाबतीत ही चूक वारंवार घडू शकते, म्हणून तिचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे.

ऑगस्टमध्ये एका सकाळी चहा पिताना तो ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळू लागला आणि उजवा डोळा मिटेना. या वेळी लाइमसाठी रक्ताची दोन टप्प्यांची तपासणी झाली, ती स्पष्टपणे सकारात्मक आली, आणि डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे २१ दिवस देण्यात आले. औषध त्यांना व्यवस्थित सोसले आणि दिवाळीपर्यंत चेहरा पूर्ववत झाला. येथपर्यंतचे निदान आणि उपचार योग्यच होते.

समस्या

चेहरा सुधारला, पण मेधाताई सुधारल्या नाहीत. दुपारनंतर अंगातले त्राण संपायचे, गुडघे आणि मनगटे दुखायची, आणि कामाच्या बैठकीत नेहमीचे शब्दही ऐनवेळी आठवायचे नाहीत. पुढच्या फेब्रुवारीपासून यात झटक्यांची भर पडली. मान आणि छाती अचानक लाल व्हायची, तळवे खाजायचे, पोटात मुरडा येऊन जुलाब व्हायचे, छातीत धडधडायचे, आणि तासाभरात सगळे ओसरून त्या कुडकुडत अंथरुणात पडायच्या. एरवीही नखाने हातावर हलकी रेघ ओढली तरी काही मिनिटांत ती लालसर फुगून वर यायची आणि बराच वेळ राहायची.

एका डॉक्टरांनी याला रजोनिवृत्तीची सुरुवात म्हटले, दुसऱ्यांनी चिंतेचा आजार ठरवून त्यावर गोळ्या दिल्या. तिसरे, खासगीत लाइमचे उपचार करणारे, म्हणाले की जंतू अजून शरीरात दडून आहेत. त्यांनी प्रतिजैविकांची आलटून-पालटून जोडी सुरू केली. या काळात झटके वाढले, तेव्हा ते जंतू मरत असल्याचे लक्षण म्हणून शुभ मानले गेले. वास्तविक, अशा जंतूंवरील उपचारांत जी प्रतिक्रिया येते ती पहिल्या डोसानंतर साधारण चोवीस तासांच्या आत येते आणि एखाद्या दिवसात शमते. महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा येणारी अंगावरची लाली आणि जुलाब त्या सदरात बसत नाहीत. त्यातच दिलेल्या औषधांपैकी सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे मास्ट पेशींना थेट चेतवू शकणाऱ्या गटातले होते. त्वचेत, आतड्यांत, श्वसनमार्गात आणि रक्तवाहिन्यांभोवती असणाऱ्या या पेशी हिस्टामिन, ट्रिप्टेज, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायने साठवून किंवा तयार करून सोडतात. ती भलत्या वेळी सुटली, की एकाच वेळी अनेक अवयवांत त्रास उसळतो.

मेधाताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे वजन ५८ किलोवरून ४९ वर आले होते. इंटरनेटवरच्या याद्या वाचून त्यांनी एकेक पदार्थ सोडला होता, आणि उरले होते तूप-मीठ-भात आणि उकडलेला दुधी. सोबतच्या पिशवीत तपासण्यांचे जाड बाड होते आणि वर एक नवा कागद होता: दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नळी बसवून अनेक महिने सेफ्ट्रिअॅक्सोन हे प्रतिजैविक देण्याचा प्रस्ताव. विमा त्याचा खर्च देणार नव्हता. त्यांचे पती म्हणाले, “डॉक्टर, पैशांचं आम्ही बघू. पण हे केलं नाही आणि तिला आणखी काही झालं, तर?”

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय हा प्रस्तावच होता, आणि तो झिडकारून लावणे सोपे असले तरी न्याय्य नव्हते, कारण त्यामागे एका थकलेल्या कुटुंबाची शेवटची आशा उभी होती. म्हणून एक पूर्ण भेट केवळ या प्रश्नासाठी ठेवली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत १२९ रुग्णांना ३० दिवस शिरेतून सेफ्ट्रिअॅक्सोन आणि मग ६० दिवस डॉक्सीसायक्लिन, किंवा तेवढाच काळ निष्प्रभावी औषध देण्यात आले. दोन्ही गटांत सुधारणेचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. नेदरलँड्समधील २०१६ च्या चाचणीत २८० रुग्णांवर लांबवलेल्या उपचारांनी कमी मुदतीच्या उपचारांपेक्षा अधिक गुण आला नाही. थकव्यापुरता काही फायदा दाखवणारी एक लहान चाचणी आहे, ती मी लपवली नाही. पण तिच्यातही शिरेतील नळीमुळे गंभीर अपाय झाल्याची नोंद आहे. सीडीसीने २०१७ मध्ये अशा उपचारांदरम्यान गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, आणि त्यांतील एका स्त्रीचा त्या संसर्गाने मृत्यू झाला होता. पतींच्या प्रश्नाचे उत्तर या माहितीतच होते: न केल्याने होणारे नुकसान कोणी दाखवू शकलेले नाही, केल्याने होणारे नुकसान मात्र नोंदलेले आहे.

दुसरा पर्याय होता लाइमचा विषय पूर्णपणे बंद करून सगळे मानसिक ताणावर सोपवण्याचा. तो मी एका वाक्यात नाकारला, कारण फुगून वर आलेली त्वचा आणि नऊ किलो घटलेले वजन समोर दिसत होते.

तिसरा पर्याय होता दुसऱ्या टोकाचा: मास्ट पेशींच्या विकाराचे निदान लक्षणांवरूनच मान्य करून त्याची सर्व औषधे एकदम सुरू करण्याचा. मेधाताईंचा कल इकडे होता, कारण त्यांनी या विकाराविषयी पुष्कळ वाचले होते आणि प्रत्येक लक्षण त्यात बसत होते. अडचण हीच होती की ते फारच सहज बसत होते. थकवा, धडधड, डोकेदुखी, विसरभोळेपणा ही लक्षणे शेकडो आजारांत दिसतात. लाइमच्या जंतूंमुळे मास्ट पेशी उद्दीपित होतात असे प्रयोगशाळेत दिसले आहे. परंतु त्यावरून अमुक रुग्णाचा विकार लाइमनेच आणला, असे ठरत नाही.

शेवटी आम्ही दोन स्वतंत्र खाती उघडायचे ठरवले: एक लाइमनंतरच्या दुखण्याचे, दुसरे झटक्यांचे. प्रत्येक लक्षण पुराव्यानिशी कोणत्यातरी एका खात्यात जमा करायचे आणि पुरावा नसेल तर ते मोकळे ठेवायचे. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत उपयुक्त निर्णय होता. दीड वर्ष प्रत्येक नवे लक्षण लाइमच्या नावावर मांडले गेले होते, म्हणून दुसरे काही शोधायची गरज कोणाला वाटली नव्हती.

केलेली कार्यवाही

प्रथम सगळी प्रतिजैविके थांबवली. मज्जासंस्थेची तपासणी झाली, हृदयाचा आलेख काढला, सांध्यांत सूज नसल्याची खात्री केली. चालू संसर्गाची कोणतीही वस्तुनिष्ठ खूण सापडली नाही. लाइमची रक्ततपासणी पुन्हा करण्याचा आग्रह होता. प्रतिपिंडे उपचारांनंतरही कित्येक वर्षे रक्तात राहतात, त्यामुळे ती सकारात्मक आली तरी त्यातून काही निष्पन्न होणार नाही, हे समजावून ती टाळली.

त्याच रक्तात ज्या साध्या गोष्टी कोणी पाहिल्या नव्हत्या त्या पाहिल्या. बी-१२ जीवनसत्त्व १६८ पिकोग्रॅम आणि फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचे माप, ११ नॅनोग्रॅम निघाले; दोन्ही कमी. जन्मापासून शाकाहार, त्यात आहार आक्रसलेला आणि वर पाळीचा रक्तस्राव, हे पाहता यात आश्चर्य नव्हते. विसरभोळेपणा, मुंग्या आणि थकवा यांतला काही वाटा येथून येत असणार, आणि तो भरून काढता येण्याजोगा होता.

झटक्यांच्या खात्यासाठी रक्तातील ट्रिप्टेज हे मुख्य साधन होते, पण ते योग्य वेळी पकडावे लागते. रुग्ण बरा असताना एक पातळी मोजायची आणि झटका सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत, शक्य तर पहिल्या दोन तासांत, दुसरी मोजायची. मूळ पातळीच्या एक-पंचमांशाने वाढ आणि त्यावर आणखी २ नॅनोग्रॅम, एवढी उसळी दिसली तर ती अर्थपूर्ण धरतात. मेधाताईंची मूळ पातळी ४.१ होती, म्हणजे ६.९ च्या पुढचा आकडा हवा होता. तपासणीची सही केलेली चिठ्ठी त्यांच्या पर्समध्ये कायम ठेवायला सांगितली, आणि घराजवळच्या प्रयोगशाळेला आधीच कळवून ठेवले.

पहिल्या दोन झटक्यांना प्रयोगशाळा बंद होती. तिसऱ्या वेळी दुपारी जेवणानंतर झटका आला, पती त्यांना घेऊन धावले आणि सुमारे दीड तासाच्या आत रक्त घेतले गेले. आकडा ७.६ आला. रक्तातील किट या जनुकाचे डी८१६व्ही हे उत्परिवर्तन आढळले नाही, त्यामुळे मास्ट पेशींच्या अवाजवी वाढीच्या दुर्मीळ आजाराची शक्यता कमी झाली. अल्फा-गॅल या शर्करेविरुद्धची प्रतिपिंडेही तपासली. न्यू जर्सीत आढळणाऱ्या दुसऱ्या एका गोचिडीच्या चाव्यामुळे मांसाची उशिरा येणारी अॅलर्जी जडू शकते, आणि काही रुग्णांना दूध, तूप व औषधांच्या जिलेटिनच्या कॅप्सूलही बाधतात, त्यामुळे शाकाहारी रुग्णातही ती तपासणे रास्त होते. ती नकारात्मक आली.

झटक्यामागचे कारण मेधाताईंच्या वहीतून सापडले. त्या शाळकरी दोन रेघी वहीत खाणे, झोप, पाळी आणि झटका यांची वेळेसह नोंद ठेवत होत्या, पण औषधांचा रकाना तीत नव्हता. तो घालायला सांगितल्यावर तीन आठवड्यांत दिसले, की सांधेदुखीसाठी घेतलेल्या आयबुप्रोफेननंतर तासा-दोन तासांत बहुतेक मोठे झटके येत होते. ट्रिप्टेज मोजले त्या दिवशीही सकाळपासून गुडघे दुखत होते आणि जेवणाबरोबर गोळी घेतलेली होती. लाइमच्या खात्यातल्या दुखण्यावरचा उपाय झटक्यांच्या खात्यात भर घालत होता, आणि झटक्यानंतरचे दोन दिवसांचे आजारपण पुन्हा लाइमच्या नावावर मांडले जात होते. आयबुप्रोफेन बंद करून त्याऐवजी पॅरासिटामॉल दिले.

औषधे एकेक करून सुरू केली, म्हणजे गुण कोणाचा आणि अपाय कोणाचा हे कळावे. आधी सेटिरिझिन, दोन आठवड्यांनी फॅमोटिडिन; दोन्ही हिस्टामिनचा परिणाम अडवणारी. पोटाचा त्रास उरला म्हणून मास्ट पेशींना शांत ठेवणारे, तोंडाने घ्यायचे क्रोमोलिन अगदी अल्प मात्रेपासून वाढवत २०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा केले. माँटेलुकास्ट हाही पर्याय होता; पण मेधाताईंचे मन आधीच खचलेले होते आणि या औषधाच्या मानसिक दुष्परिणामांविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये सर्वांत कडक इशारा दिलेला आहे, म्हणून ते वगळले. डोकेदुखीसाठी कोणीतरी दिलेले प्रोप्रानोलोल हळूहळू बंद केले, कारण तीव्र अॅलर्जीचा प्रसंग आला तर जीव वाचवण्यासाठी द्यायच्या एपिनेफ्रिनचा परिणाम ते रोखू शकते. एपिनेफ्रिनचे इंजेक्शन दोन नग घरात ठेवले आणि ते कसे द्यायचे हे मोठ्या मुलालाही शिकवले.

आहाराचा प्रश्न सर्वांत नाजूक ठरला. हिस्टामिन कमी असलेल्या आहाराचा पुरावा तोकडा आहे, आणि येथे तर त्याच्या अतिरेकाने कुपोषणच ओढवले होते. याच सुमारास मेधाताईंच्या आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या. रविवारी आठवड्याचा स्वयंपाक करून फ्रीजमध्ये ठेवायची घरातली रीत त्यांनी मोडून काढली. “आजचं आजच करायचं. उरलं तर मी खाईन, तू ताजं खा,” एवढेच त्यांचे म्हणणे. आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने दर तीन दिवसांनी एकच पदार्थ परत आणला: आधी मुगाचे वरण, मग ज्वारीची भाकरी, पनीर, गोडे ताक, तुरीची आमटी. मुरलेले लोणचे आणि जुने चीज यांनी दोनदा-दोनदा पाहिले तरी त्रास झाला, म्हणून ते सोडले. आंबवलेल्या पिठाची इडली मात्र यादीत वर्ज्य असूनही काही न होता पचली, आणि तिथून त्यांची याद्यांवरची भीती कमी होत गेली.

लाइमनंतरच्या दुखण्यासाठी सिद्ध झालेले औषध नाही, हे स्पष्ट सांगितले. झोपेची वेळ बांधून घेणे, थकवा यायच्या आधी थांबणे, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली अगदी हळू वाढवलेले चालणे, आणि कार्यालयाकडून अर्धा दिवस घरून काम करण्याची सवलत, एवढेच त्या खात्यातले उपाय होते. बी-१२ची इंजेक्शने आणि लोह सुरू केले. फॅमोटिडिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२चे शोषण कमी होऊ शकते, म्हणून पातळी वर्षातून दोनदा तपासायचे ठरले.

परिणाम

वर्षअखेरीस वजन ५६ किलोपर्यंत आले. मोठे झटके आठवड्यातून दोन-तीनवरून दोन-तीन महिन्यांतून एकावर आले, आणि एपिनेफ्रिन वापरण्याची वेळ आली नाही. विचारांतला मंदपणा बराच कमी झाला. त्यात बी-१२चा वाटा किती, झोपेचा किती आणि झटके थांबल्याचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. गुडघ्यांचे दुखणे आणि दुपारचा थकवा कायम आहे. मेधाताई पूर्ण वेळ कामावर परतलेल्या नाहीत, आणि हे प्रकरण पूर्ण बरे झाल्याचे म्हणून मांडता येणार नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिली संधी जूनमध्येच होती. त्या भागात, त्या मोसमात, न खाजणारा आणि पसरत जाणारा चट्टा दिसला की रक्ततपासणीची वाट न पाहता लाइमचे उपचार सुरू करतात, कारण पहिल्या आठवड्यांत तपासणी नकारात्मक येऊ शकते. त्वचेचा रंग लक्षात घेतला असता, तर चेहऱ्याच्या नसेपर्यंत प्रकरण कदाचित गेले नसते.

दुसरी संधी पहिल्या झटक्याच्या वेळी होती. त्या रात्री मेधाताई आपत्कालीन विभागात गेल्या होत्या, हृदयाचा आलेख निघाला, तो ठीक आला आणि त्यांना घरी पाठवले गेले. तेव्हाच ट्रिप्टेज मोजले असते तर एक वर्ष वाचले असते. अंगावर लाली, पोटात मुरडा आणि धडधड एकत्र दिसली, की ही एक नळी रक्त घेऊन ठेवायला फारसे काही लागत नाही.

तिसरी गोष्ट वादाची आहे. प्रतिजैविके एकदम थांबवणे मेधाताईंना अतिशय जड गेले. पहिले सहा आठवडे त्या रोज भीतीने अंग तपासत होत्या. अशा वेळी दर आठवड्याला पाच मिनिटांचा फोन ठेवला तर रुग्ण पुन्हा जुन्या वाटेला जात नाही, असे मला वाटते. माझे काही सहकारी याला वेळेचा अपव्यय मानतात. मी मानत नाही.

भारतातील नातेवाइकांसाठीही एक मुद्दा आहे. मेधाताईंचे वाचून त्यांच्या सांगलीच्या चुलतबहिणीने थकव्यासाठी लाइमची तपासणी करून घ्यायचे ठरवले होते. जिथे हा आजार जवळपास आढळतच नाही तिथे तपासणी सकारात्मक आली तरी ती बहुधा खोटी असते. महाराष्ट्रात गोचिडीचा खरा धोका वेगळा आहे: सिंधुदुर्गात आणि शेजारच्या गोव्यात तिच्यामुळे माकडताप होतो, तो विषाणूचा आजार आहे आणि त्याची तपासणीही निराळी असते. बहिणीची तपासणी रद्द झाली. तिचे थायरॉइड पाहण्याचा सल्ला दिला.

येत्या हिवाळ्यात मेधाताई दोन वर्षांनी सांगलीला जाणार आहेत. त्यांच्यासोबत एका पानाचे पत्र इंग्रजीत आणि मराठीत दिले आहे. त्यात मूळ ट्रिप्टेज, चालू औषधे, आयबुप्रोफेन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि प्रोप्रानोलोल टाळण्याची सूचना, भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांनी आधी काय विचारावे, आणि झटका आल्यास एपिनेफ्रिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला केव्हा व कसे द्यावे, हे लिहिले आहे. त्याची एक प्रत त्यांच्या आईंनी आधीच सांगलीतील त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेऊन दिली आहे.